हॅरोच्या परसातला पंख्याचा पाम: कोंब कुजला कसा आणि सावरला कसा

२९ जानेवारी २०२३, रविवार. लंडनच्या वायव्येला, हॅरोमधल्या एका घराच्या परसात मी, काका आणि काकू असे तिघं एका पामसमोर उभे होतो. झाडाभोवतीचं प्लास्टिक नुकतंच सोडलं होतं. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साचले होते, पानांच्या बेचक्यांत राखाडी बुरशी होती आणि आंबून गेलेल्या डोशाच्या पिठासारखा वास येत होता. मधली, अजून न उलगडलेली सुरळी मी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढली. ती हातात आली. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत.

काकू वाकून बघत होत्या. त्या दापोलीकडच्या. म्हणाल्या, "अगं, हा कोंब कुजलाय. आमच्याकडे पावसात माडाचा कुजतो ना, तस्साच."

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय, कारण थंड-सौम्य हवेत पंख्याचा पाम लावणाऱ्यांचा समज असतो की झाडाला धोका थंडीचा आहे. माझाही जवळजवळ तसाच होता. शिवाय या झाडाला जे झालं त्यात माझ्या अर्धवट सल्ल्याचा मोठा वाटा होता.

झाड आणि जागा

पाम ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय जातीचा. इंग्लंडात याला चुसान पाम किंवा विंडमिल पाम म्हणतात. चीनच्या किनाऱ्यावरच्या चुसान, म्हणजे आजच्या झौशान, बेटावर रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने हा पाहिला. १८४९ मध्ये त्याने पाठवलेली रोपं लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आणि आयल ऑफ वाइटवरच्या राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाउसमध्ये पोचली. जातीच्या नावातलं 'फॉर्च्युनाय' त्याचंच. पान आपल्या ताडासारखं, पंखा उघडल्यासारखं. नारळाच्या झावळीसारखं पिसांचं नाही. खोडाभोवती काथ्यासारख्या तंतूंचं जाड आवरण असतं. चीनमध्ये या तंतूंचे दोर वळतात, पूर्वी शेतकऱ्यांचे पावसाळी अंगरखेही त्याचे करत. कोकणातलं इरलं पाहिलेल्याला त्याचं नवल वाटणार नाही.

काकूंना माड हवा होता. तो इथे शक्य नाही, म्हणून "निदान ताडासारखं तरी काहीतरी असू दे" असं म्हणून त्यांनी २०१७ च्या वसंतात हा आणला. तेव्हा खोड गुडघ्याच्या थोडं वर होतं. २०२२ पर्यंत ते काकूंच्या खांद्याला लागलं. वाढीवरून झाड खूश आहे असंच वाटत होतं.

जागा मात्र नीट पाहायला हवी होती. घरामागे फरशीचा ओटा, त्याचा उतार बागेकडे, आणि ओट्याच्या कडेलाच पाम. म्हणजे ओट्यावर पडलेला सगळा पाऊस आधी पामच्या बुंध्याशी येणार. त्यात हॅरोची माती म्हणजे लंडन क्ले, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी, हिवाळ्यात लोण्यासारखी. लावताना ज्याने खड्डा खणला त्याने कौतुकाने त्यात पिशव्याच्या पिशव्या कंपोस्ट भरलं होतं. चिकणमातीत असा खड्डा केला की त्याचा हौद होतो. आजूबाजूची माती पाणी पिऊन घेत नाही आणि भुसभुशीत मधला भाग ते धरून ठेवतो. शिवाय झाड मूळच्या पातळीपेक्षा चांगलं चार बोटं खोल लावलेलं. पाच वर्षं हे निभावलं, कारण झाड वाढत होतं, पाणी ओढत होतं आणि हिवाळे फार वाईट गेले नव्हते.

डिसेंबर ते जानेवारी

८ डिसेंबर २०२२ ला काकूंचा फोन आला. कडाक्याची थंडी येतेय असं बातम्यांत सांगत होते आणि ते दोघं १५ तारखेला पुण्याला लग्नाला निघणार होते, जानेवारीअखेर परत. "पाम गुंडाळून जाऊ का?" मी कामात होते. म्हणाले, "हो काकू, गुंडाळा." कशाने, किती, आणि मुख्य म्हणजे सोडायचं कधी, यातलं काहीच मी बोलले नाही.

त्यांनी जीव लावून गुंडाळला. पानं एकत्र करून दोरीने झाडूसारखी बांधली, त्यावर बागेत वापरतात त्या पांढऱ्या फ्लीसचे, म्हणजे हवा जाऊ देणाऱ्या पातळ कापडाचे, दोन थर, आणि बर्फ पडणार म्हणून सगळ्यावर बुडबुड्यांचं प्लास्टिक. खाली सुतळीने गच्च. ११ डिसेंबरच्या रात्री लंडनला बर्फ पडलं. त्या आठवड्यात माझ्या बागेतल्या थर्मामीटरने उणे ७ पर्यंत पारा दाखवला. इथपर्यंत गुंडाळणं चुकीचं म्हणता येणार नाही, जरी या जातीला त्याची गरज नव्हती. पूर्ण वाढलेला चुसान पाम कोरड्या थंडीत उणे १२, उणे १५ अंशांपर्यंत तग धरतो.

मग १८-१९ डिसेंबरला हवा एकदम पालटली. पारा वर चढला, पाऊस सुरू झाला. बर्फ वितळून आत झिरपलं, प्लास्टिकमुळे वाफ बाहेर पडेना, आणि बांधलेल्या पानांच्या मधोमध, नेमकं जिथे कोंब असतो तिथे, ओल साचून राहिली. जानेवारीच्या मध्याला पुन्हा थंडी आली तेव्हा कोंबात पाणी होतंच. सहा आठवडे कोणी सोडायला नव्हतं.

पाम एकदलवर्गीय. माड, ताड, सुपारी, हा, सगळ्यांचं मर्म एकच: शेंड्यातला एकुलता कोंब. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते. इथे कोंब गेला की झाड गेलं. खोडाला झालेली जखमही भरून येत नाही, कारण साल आणि लाकडाच्या मधला वाढता थर पामला नसतोच.

थंडी की ओल?

काकांचं मत ठाम होतं की थंडीनेच मारलं. त्यांना ते पटणं साहजिक होतं, उणे सात आकडा ऐकून कोणालाही पटेल. पण खुणा वेगळं सांगत होत्या.

थंडीने जळालेल्या पामची जुनी, बाहेरची पानं आधी पिवळट-तपकिरी होतात, टोकाकडून, सगळीकडे सारखी. इथे बाहेरची पानं हिरवीगार होती. डाग होते ते जिथे प्लास्टिक चिकटलं होतं तेवढ्याच जागी. कुजलं होतं ते आतलं, सगळ्यात संरक्षित. दुसरी खूण दोन घरं सोडून होती. त्याच जातीचा, जवळपास तेवढाच पाम, कोणी कधी फडकंसुद्धा न बांधलेला. त्याच रात्री, तीच उणे सात. त्याला काहीही झालं नव्हतं. मी त्यांच्या परवानगीने जाऊन त्याची सुरळी ओढून पाहिली. खुंटीसारखी घट्ट. इतका सरळ पडताळा बागकामात क्वचित मिळतो.

२०२२ च्या उन्हाळ्याचा संशयही मी तपासला. १९ जुलैला जवळच्या हीथ्रोला ४०.२ अंश नोंदले गेले होते, आणि उन्हाळ्याचा फटका झाडं कधीकधी हिवाळ्यात दाखवतात. पण ऑक्टोबरातले काकूंच्या फोनमधले फोटो पाहिले तर त्या मोसमात आलेली पानं पूर्ण, सरळ, निरोगी होती. तो मुद्दा सोडून दिला.

मुळांसाठी साधी चाचणी केली. बुंध्यापासून हातभर अंतरावर सुमारे ४० सेंटिमीटर खोल खड्डा खणला. खणतानाच तळाला पाणी आलं. वर दोन बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी मोजपट्टी बुडवून फोनवर सांगितलं, "पाच सेंटिमीटर उतरलंय फक्त."

म्हणजे दोन दुखणी होती, एकावर एक. वर कोंब वाफेत कुजलेला, खाली मुळं पाण्यात. मुळं दमलेली नसती तर कोंब थोडं सोसून गेला असता असं मला वाटतं.

उपचार, आणि काकूंचं मडकं

कोकणात कोंब कुजलेल्या माडाला काय करतात ते काकूंनी तिथेच सांगितलं. सडलेला भाग कोयत्याने नितळ पांढरं लागेपर्यंत काढायचा, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावायची, आणि नवा कोंब दिसेपर्यंत पाऊस आत जाऊ नये म्हणून वर झाकण घालायचं. "पूर्वी मडकं पालथं घालत. आता प्लास्टिक बांधतात." रोग वेगळा असेल, तिथला बहुधा फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या जंतूचा आणि पावसाळ्यातल्या दमट उष्णतेतला, पण तत्त्व तेच लागू होतं: स्वच्छ करा, कोरडं ठेवा, वाट पाहा.

आम्ही धारदार सुरी उकळत्या पाण्यातून काढून घेतली आणि जेवढं सैल, तपकिरी होतं तेवढंच कापलं. घट्ट लागलं की थांबायचं, हे मी स्वतःला मोठ्याने बजावत होते. पोकळी जवळजवळ माझ्या तर्जनीएवढी खोल झाली. जुन्या सुती धोतराच्या चिंध्यांनी ती टिपून घेतली. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं सोडलं, ते फसफसलं, पुन्हा टिपलं. आठवड्याने आणखी एकदा. पेरॉक्साइडवर पामवाल्यांची फार श्रद्धा असते. माझ्या मते त्याचा उपयोग धुऊन काढण्यापुरता. झाड वाचलं ते कोरडेपणाने.

झाकणाचा प्रश्न राहिला. मडकं किंवा बांधलेलं प्लास्टिक म्हणजे पुन्हा तीच वाफ, कारण इथे दापोलीसारखं ऊन नाही. म्हणून मांडव घातला. चार बांबू, वर नळीदार पारदर्शक पत्र्याचा तुकडा, एका बाजूला उतार. पत्रा पानांना कुठेही टेकणार नाही एवढा उंच, चारी बाजू मोकळ्या. वारा आरपार जाईल, पाऊस आत येणार नाही. काका दोन दिवस त्यावर खपले आणि मांडव खरोखर सुबक झाला. त्याची परीक्षाही लगेच झाली, कारण मार्च २०२३ हा इंग्लंडातला १९८१ नंतरचा सर्वांत ओला मार्च ठरला.

जमिनीत कमी केलं, पण नेमकं. ओट्याच्या कडेला पन्हळ टाकून तिथलं पाणी बाजूने वळवलं. पामच्या हौदातून बागेच्या उताराकडे चारेक मीटर लांबीचा चर खणून त्यात खडी भरली. खणताना पहिल्या दिवशी चरातून जे पाणी वाहिलं त्याला कुजक्या अंड्याचा वास होता, म्हणजे तिथे हवा कित्येक दिवस पोचली नव्हती. बुंध्यावर चढलेली माती हाताने बाजूला करून मूळ पातळी उघडी केली.

झाड उपटून उंचवट्यावर लावावं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. पाम हलवणं सोपं असतं, या जातीचं तर विशेष. पण कोंब आजारी असताना मुळंही तोडायची म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. शिवाय पामच्या मुळांना नवीन फुटायला जमीन ऊबदार लागते. फेब्रुवारीत हलवलेला पाम मेपर्यंत नुसता उभा राहतो. थांबलो, आणि पुढे त्याची वेळच आली नाही. खत अजिबात दिलं नाही. काकूंना ते फार जड गेलं. आजारी माणसाला पेज तरी द्यावी असा त्यांचा आग्रह. पण वाढ थांबलेली असताना दिलेलं खत मुळांशी नुसतं पडून राहतं आणि दुखवतं.

पाडव्याची रेघ

आता वाट पाहायची. कोंब जिवंत आहे की मेलेला, हे बाहेरून कळत नाही. इथे एक जुनी युक्ती फार उपयोगी पडते. सर्वांत आतलं जे पान शाबूत आहे त्याच्या देठावर आणि शेजारच्या जुन्या देठावर मिळून, एका सरळ रेषेत, न पुसणाऱ्या पेनाने रेघ मारायची. जुनं देठ वाढत नाही. आतलं वाढलं तर रेघ तुटते. आमच्या झाडाचं एक अर्धवट उघडलेलं पान टिकलं होतं. २२ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, काकूंनी त्यावर रेघ मारली.

आठवडा गेला, दोन गेले. रेघ सलग. काका म्हणाले, आता नवीन आणू. मीही मनातून तयारी केली होती. काकू मात्र रोज चहाचा कप घेऊन जाऊन बघत. २२ एप्रिलला, अक्षय तृतीयेला, सकाळी त्यांनी फोटो पाठवला. सोबत शब्द काही नव्हते. रेघेचा आतला अर्धा तुकडा चार मिलिमीटर वर सरकला होता.

जूनमध्ये पोकळीतून नवं पान वर आलं आणि काकू पुन्हा घाबरल्या. पंखा अर्धाच होता, कात्रीने सरळ कापल्यासारखा, कडा तपकिरी. हे आधी सांगायला हवं होतं. पामचं पान बाहेर दिसण्याच्या कितीतरी महिने आधी आत घडलेलं असतं. जानेवारीत कूज जिथवर पोचली तिथवरचा भाग मेला आणि खालचा जिवंत भाग त्याला ढकलत वर आला. म्हणजे तुटकं पान ही चांगलीच बातमी. ते कापायचं नाही, हिरवा भाग जेवढा असेल तेवढा झाडाला जेवू घालतो. दुसरं पान तीन चतुर्थांश आलं. सप्टेंबरात चौथं पान उलगडलं ते पूर्ण गोल होतं. तेव्हा कुठे मी थोडं पाम-खत द्यायला होकार दिला, मॅग्नेशियम आणि पोटॅश असलेलं. खरं तर तेही उशिराच, जुलैपर्यंत दिलं तर बरं.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत हे झाड गुंडाळलेलं नाही. बर्फ पडलं तर काका झाडूने पानांवरून झटकतात, बास. सलग काही दिवस बर्फाळ थंडी आली तर मुळांवर पेंढा घालावा, एवढंच मी सांगून ठेवलंय. कोणाला गुंडाळायचंच असेल तर फ्लीस किंवा गोणपाट वापरा, प्लास्टिक कधीच नाही, आणि बांधतानाच सोडायची तारीख कॅलेंडरवर लिहा. गावाला जाणार असाल तर न गुंडाळता जा.

दुसरा पाम चालला असता का?

हे प्रकरण सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. वॉशिंग्टोनिया इथल्या दुकानांत स्वस्त मिळतो, दिसतोही झोकदार, पण त्यातला फिलिफेरा हा कॅलिफोर्नियाकडच्या वाळवंटी ओढ्यांकाठचा. कोरडी थंडी सोसतो, लंडनचा ओला हिवाळा त्याला झेपत नाही. त्याच्या भावापेक्षा, रोबस्टापेक्षा, तो जरा कणखर एवढंच. कॅमेरॉप्स ह्युमिलिस चांगला पर्याय आहे. बुटका, बुंध्यातून अनेक खोडं फुटणारा, युरोपच्या मुख्य भूमीवरचा मूळचा पाम. इटलीत पदुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला एक काचघरात अजून उभा आहे. अनेक खोडांमुळे एक कोंब गेला तरी झाड राहतं, ही मोठी सोय. पण त्यालाही पायाशी पाणी चालत नाही. वारा जास्त असेल तिथे चुसान पामचाच वॅग्नेरियानस हा लहान, ताठ पानांचा प्रकार बघावा. नेहमीच्या चुसानची पानं वाऱ्यात फाटून लक्तरं होतात.

चुसान पामला हवा फारच मानवली तर काय होतं, ते स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात दिसतं. तिथे पक्ष्यांनी बिया पसरवून तो रानात शिरला. १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. बागेत मादी झाड असेल तर फळं धरण्याआधी फुलांचे तुरे कापलेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे, लंडनमध्येसुद्धा.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी मात्र हा मागवू नये. तिथल्या उकाड्यात तो रेंगाळतो. पंख्याचीच पानं हवी असतील तर चायनीज फॅन पाम, म्हणजे लिव्हिस्टोना, किंवा ऐसपैस जागा असेल तर रुपेरी बिस्मार्किया लावा. आणि शेतात जागा असेल तर आपला ताड आहेच, फक्त ताडगोळे खाण्यासाठी धीर हवा. ट्रॅकिकार्पसचे सगेसोयरे भारतात हिमालयाच्या बाजूला आहेत. कुमाऊँच्या थल केदार डोंगरावर टाकिल नावाची जात ओकच्या रानात, हिवाळी बर्फात वाढते. डोंगरउतारावर, जिथे पाणी थांबत नाही. ते वाचलं तेव्हा मला हॅरोतला हौदच आठवला.

मे २०२५ मध्ये काकूंनी तातडीने बोलावलं. नव्या पानांच्या बेचक्यांतून जाड, पिवळे, दाणेदार तुरे बाहेर येत होते, तीन-चार, वरचं वेष्टण नुकतंच फाटलेलं. काकू हरखून म्हणाल्या, "अगं, ही तर गाबोळी!" गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. खरंच, सुरमईची गाबोळी ठेवावी तसाच आकार आणि तसेच गच्च बारीक दाणे. या जातीत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. तुऱ्यांचा दाट हळदी पिवळा रंग आणि दाटी पाहून हा नर असल्याचं दिसत होतं. फळं येणार नाहीत, म्हणजे तुरे कापायचं कारणही नाही. मी तसं सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, कारण असतं तरी त्यांनी कापू दिले नसते.